काकूंची मोजणी, माझा फेटा

पेपरवाल्या काकूंना राजकारण माझ्यापेक्षा जास्त कळायचं, आणि ते मला कधी सहन झालं नाही. मी राज्यशास्त्रात बी.ए., काकू सातवी. येरमाळ्याच्या स्टँडवर त्यांचा आणि काकांचा पेपरचा गाळा, शेजारी माझं खताचं दुकान. सकाळी गठ्ठा सुटला की काकू आधी सगळे पेपर स्वतः वाचायच्या, मग होत्या तशा घड्या घालून विकायला मांडायच्या.

गिऱ्हाइकं मात्र काकांना विचारायची, "काका, औंदा काय हुईल?" काकांना त्यात काडीचा रस नव्हता. ते काकूंकडं बघायचे, काकू पेपर देता देता सांगून टाकायच्या आणि माणसं काकांना "बराबर हाय तुमचं" म्हणून निघून जायची. काकू गालात हसायच्या. मी तेवढा कान देऊन ऐकायचो आणि आतल्या आत जळायचो.

ग्रामपंचायतीच्या वेळी आम्ही पुरुष भावकी मोजत बसलो होतो. काकू माहेरं मोजत होत्या. बसची वाट बघत गाळ्यापुढं टेकलेल्या प्रत्येक बाईला त्या माहेर विचारायच्या आणि ध्यानात ठेवायच्या. मला म्हणाल्या, "भाऊ, तीन नंबर वॉर्डात तुमची भावकी लई हाय, पर समोरच्या उमेदवाराच्या बायकूच्या माहेरगावाहून आलेल्या अकरा सुना हायत तिथं. त्या तुमचं ऐकत्याल व्हय?"

हेच मी चहाच्या हॉटेलात स्वतःचं म्हणून सांगितलं, आपला माणूस पडणार म्हणालो. आमचा माणूस थोडक्यात पडला. माझा अंदाज खरा ठरला म्हणून लोकांनी मला फेटा बांधला. तो मिरवत मी गाळ्यावर गेलो. काकूंनी नीट निरखून पाहिलं.

"शोभतुय," त्या म्हणाल्या. "सुना बारा हुत्या. म्याच एक इसरले."

ही चोरी त्यांनी कुणाला सांगितली नाही. उलट पुढंही प्रत्येक निवडणुकीला मला सगळं सांगत राहिल्या. त्याचाच मला जास्त राग यायचा.

गेल्या वर्षी काकू वारल्या. शोकसभेत लोक त्यांच्या कष्टांवर बोलले, हातच्या भाकरीवर बोलले. मला राहवलं नाही. उभा राहून सांगून टाकलं, की माझे सगळे अंदाज काकूंचे होते, माझं त्यात काही नव्हतं. मागून एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "एवढा अभ्यासू माणूस, पर गर्व न्हाय बघा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खाली बसलो. काकू असत्या तर गालात हसल्या असत्या. तसं हसणं मला अजून जमत नाही, आणि आता त्याचाही हेवा वाटतो.