बाटलीची मागची बाजू

काकांचा फोन आला तेव्हा मी ब्युओना व्हिस्टा मेट्रो स्टेशनच्या जिन्यात होते. "अगं, वसुधा गेली," एवढंच म्हणाले, आणि मग गाडीच्या आवाजात काहीच ऐकू येईना... तिचं हृदय बंद पडलं होतं. माझ्या मनात पहिला विचार आला, की त्या फ्लॅटमधून ती अखेर बाहेर पडली. विचार क्रूर होता, पण तो खोटा होता असं आजही मला वाटत नाही.

वसुधामावशी पुण्यात फार्मसी शिकवायची. तिच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, परदेशात तुआसला जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात नोकरी लागली आणि ती त्यांच्या पासवर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, आश्रित म्हणून इथे पासिर रिसला आली. तिची पदवी इथे चालत नव्हती. दुकानात टूथपेस्ट विकायला तिला कुणी अडवलं नसतं, औषध द्यायला मात्र मनाई. मी वाढले ती बाबांच्या विज्ञानप्रसाराच्या पत्रकांच्या घड्या घालत. 'आश्रित' हा शब्द ऐकला की माझं रक्त उसळायचं. मी नोकरीसाठी तिच्याकडे राहायला आले तेव्हा तिला रोज भाषण द्यायचे. ती भेंडी चिरत म्हणायची, "तुमच्या पत्रकाखाली तुमचा स्वतःचा पत्ता असतो ना गं? माझा पत्ता काकांच्या पासवर आहे."

आमच्या लोकांत गावाहून येणाऱ्याच्या बॅगेत निम्मी औषधं असतात. खालच्या मजल्यावरच्या केतकीच्या सासूबाईंनीही अशीच मॅग्नेशियमच्या गोळ्यांची बाटली पाठवली होती. केतकीची इरा चार वर्षांची, तिचे पाय दुखायचे. एका रविवारी दुपारी केतकी इराला घेऊन वर आली.

"मावशी, बरोबर देतेय ना? लहान आहे म्हणून अर्धीच देते, कुटून."

काका पेपरामागून खाकरले. त्यांनी कायम वास्तव्याचा अर्ज नुकताच केला होता, आणि बायकोने परवान्याशिवाय औषधाचा सल्ला दिल्याची तक्रार त्यांना नको होती. "ती इथे केमिस्ट नाहीये हं," ते हसत म्हणाले. "डॉक्टरला विचार."

मावशीने बाटली उलटी फिरवली आणि खिडकीशी नेली. पुढची बाजू विकायला असते, मागची वाचायला, असं ती म्हणायची. "ही मोठ्यांची गोळी आहे, केतकी. अर्धं माणूस, अर्धी गोळी, असं नसतं. शिवाय गोळीत क्षार किती आणि त्यात नुसतं मॅग्नेशियम किती, हे वेगळं असतं. इथे ते लिहिलेलंच नाही. आणखी काय देतेस?"

"काहीच नाही. पोट साफ होत नव्हतं म्हणून ते पांढरं पातळ औषध. पण ते काय, घरगुतीच!"

"त्यातही मॅग्नेशियमच असतं."

सोफ्यावर इरा मलूल पडली होती. सकाळपासून तिला जुलाब होत होते.

"वसुधा," काका म्हणाले. एवढंच.

मावशीने त्यांच्याकडे पाठ केली. मग तिने इराला उचललं. "दोन्ही बंद. दोन्ही बाटल्या घे, आत्ताच हॉस्पिटलला जाऊ."

"आय वॉन्ट टू स्लीप, लाह," इरा तिच्या खांद्यावर इथल्या धाटणीच्या इंग्रजीत पुटपुटली.

रक्त तपासलं, सलाईन लावलं, संध्याकाळी पोर बिस्किट मागू लागली. डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, दोन्ही बाटल्या एकत्र आणायचं कुणाला सुचलं? मी तोंड उघडणार, तोच मावशीने माझं मनगट घट्ट दाबलं. "मी शेजारीण," ती म्हणाली. इतकी वर्षं शिकवलेलं सगळं तिने त्या एका शब्दात कोंबलं.

घरी काकांनी विचारलं, "मूल बरंय ना?" आणि लगेच, "नाव नाही ना दिलंस?"

त्यानंतर काका तुआसला गेले की बायका बाटल्या घेऊन येऊ लागल्या. मावशीने स्वतः डोस कधीच सांगितला नाही. मुलाचं वजन, किडनी, चालू असलेली औषधं बघून ते डॉक्टरनेच ठरवायचं, असं ती बजावायची. पण ती प्रत्येक बाटली फिरवायची, आणि बायकांनाही फिरवायला लावायची. "हे असं चोरून कशाला?" मी भडकायचे. "चोरून का होईना, वाचतायत तर," ती म्हणायची. ते उत्तर मला पटलं नाही. आजही पटत नाही.

मावशी गेल्यावर, गेल्या आठवड्यात, मी त्या फ्लॅटवर गेले. काका जाळीच्या खिडकीशी उभे होते, हातात पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून कुणीतरी दिलेली गोळ्यांची बाटली. डोळ्यांवर मावशीचा चष्मा. त्यांनी बाटली फिरवली, लांब धरली, परत जवळ आणली.

"मागचं आधी ना गं?... आतलं नुसतं मॅग्नेशियम किती, ते सापडत नाही. आता कुणाला विचारायचं?"

'डॉक्टरला विचार', हे केतकीला त्यांनीच दिलेलं उत्तर माझ्या जिभेवर आलं. काका बाटली उजेडात धरून तसेच उभे होते.