परत यायची वाट

अण्णा नव्या हॉटेलात शिरले की आधी मागचं दार कुठं उघडतं ते बघून यायचे, मग निवांत बसून इडली मागवायचे. "जायची वाट कुणीपण सांगतंय. परत यायची सांग," हे त्यांचं पालुपद. लोक तोंड पोळल्यावर ताक फुंकून पितात. अण्णा न पोळताच फुंकायचे.

बसवनगुडीतल्या एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात ते माझे वरिष्ठ होते. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं, मराठी घरात बोलण्यापुरती आणि तीही निम्मी कन्नड. मी निपाणीची, दोन्ही भाषा येणारी, त्यामुळे आमचं जमायचं. रुग्णांचे रिपोर्ट आणि स्कॅन यांची रोज एक प्रत बॅकअप सर्व्हरवर जायची. त्या सर्व्हरला अण्णा घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं जपायचे.

त्याचं सॉफ्टवेअर जुनं झालं आणि नवं घालायचं ठरलं. साहेबांना ते एका रविवारी उरकायचं होतं. अण्णा हटून बसले. आधी रिकाम्या मशीनवर नवं घालायचं, जुन्या प्रतीतला स्कॅन तिथं उघडून बघायचा, आणि बिघडलंच तर जुनं जसंच्या तसं उभं करायची तयारी ठेवायची. तोवर मूळ सर्व्हरला हात लावायचा नाही. साहेब चिडले, मीही वैतागले. पण चाचणीत नव्या सॉफ्टवेअरला जुना एकही स्कॅन उघडेना. अण्णा कन्नडमध्ये नुसते "सरी", म्हणजे ठीक, म्हणाले आणि कॉफी प्यायला गेले. पुढे दुरुस्ती आली, पुन्हा चाचणी झाली, मगच त्यांनी मूळ सर्व्हर बदलला.

त्याच सुमारास त्यांचा आवाज बसला. साहेबांशी भांडून बसला, अशी आम्ही थट्टा करायचो. तपासणीत स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. आमच्याच डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं की स्वरयंत्र काढलं तर जीव वाचेल, पण लगेच काढायला हवं. नाही मानवलं तर परत पहिल्यासारखं करता येतं का, असं अण्णांनी विचारलं. बाई नाही म्हणाल्या. अण्णा उठून आले.

मग काढे झाले, दुसऱ्या डॉक्टरांचं मत झालं, तिसऱ्यांचं झालं. आमचा जीव टांगणीला लागला होता. एकदा त्यांच्या पत्नी, अक्का, ऑफिसात आल्या आणि माझे हात घट्ट धरून म्हणाल्या, "तुझं ऐकतात गं ते. सांग की."

मी अण्णांपुढे अक्षरशः रडले. म्हटलं, "अण्णा, तुम्ही म्हणजे सर्व्हर नाही."

"तेच की," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "त्याची प्रत आहे. माझी कुठं आहे?"

सर्व्हरचं नाव मीच काढलं होतं. स्वतःचाच राग आला.

पाणीसुद्धा गिळवेना, तेव्हा ते ऑपरेशनला तयार झाले. नवा स्कॅन काढला. डॉक्टरबाईंना ताडून बघायला पहिला हवा होता, तो मी बॅकअपमधून काढला. क्षणात उघडला. पहिल्यात एक बारीक डाग होता, नव्यात गळाभर पसरलेला. आता ऑपरेशनचा उपयोग नाही, हे बाईंना सांगावंसुद्धा लागलं नाही. अण्णा खुर्ची पुढे ओढून पहिल्या स्कॅनकडे बघत राहिले. मग त्या डागावर बोट ठेवून, जेमतेम ऐकू येईल असं, मला म्हणाले,

"हितं परत जाता येतंय काय गं?"

अण्णा गेले. तो स्कॅन सर्व्हरवर आहे. अजूनही उघडतो.