फाइल फोटो

पत्रकारितेच्या डिग्रीसाठी दोन महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची होती, ती मला रायपुरातल्या एका न्यूज पोर्टलवर मिळाली. शहर राजधानी झाल्यापासून अशी पोर्टलं गल्लोगल्ली उगवली होती. आमचं हार्डवेअरच्या दुकानावर होतं. खिडकी कायम बंद, कारण उरल्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ कीबोर्डवर बसायची. मला वाटलं होतं, वही घेऊन गावभर हिंडेन. प्रत्यक्षात सकाळी दहाला खुर्चीत बसले की सहालाच उठायची. व्हॉट्सॲपवर पोलिसांची प्रेसनोट यायची, ती दहा मिनिटांत आपल्या शब्दांत लिहायची, फोटो लावायचा, टाकायची. यालाच आम्ही पत्रकारिता म्हणत होतो.

मला बाहेर सोडलं ते एकदाच, पहिल्या आठवड्यात. सिलतऱ्याच्या फॅक्टऱ्यांत उन्हाळ्यात मजूर कसे काम करतात, यावर बातमी करायची होती. एका गेटवर शिफ्ट सुटत होती. एक माणूस हेल्मेट काखेत धरून, तोंडावरचा गमछा खाली ओढून माझ्याकडे बघत उभा होता. मी विचारलं, "भैया, एक फोटो?" तो म्हणाला, "हव, ले लो." फोटो झकास आला. त्याला तो हवा होता म्हणून मी माझ्या नंबरवरून पाठवलाही. त्या दिवशी मी स्वतःवर भयंकर खूश होते.

ऑफिसात फोटो साठवताना त्याखाली शोधशब्द लिहायचे असत. कॉलेजात शिकवलं होतं, लोक काय शोधतील याचा विचार करा, हात आखडता घेऊ नका. मी घेतला नाही. सिलतरा, फॅक्टरी, मजदूर, गर्मी, आणि हुशारीचा कळस म्हणून शेवटी हादसा.

दहा-बारा दिवसांनी तिकडे एका भट्टीवर अपघात झाला. डेस्कवर कुणीतरी 'सिलतरा हादसा' शोधलं, माझा फोटो सगळ्यात वर आला आणि बातमीला लागला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'फाइल फोटो' लिहिलेलं होतं, पण मोबाइलवर ते कोण वाचतं? मला तर अभिमानच वाटला. पुढच्या अपघाताला पुन्हा तोच लागला. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"दीदी, मैं वही गेट वाला. आपके यहाँ मैं दो बार मर चुका हूँ."

तो रागावलेला नव्हता, हेच वाईट होतं. अभनपुरजवळच्या गावात त्याची आई राहायची. तिला वाचता येत नव्हतं. पाऱ्यातलं, म्हणजे आळीतलं, कुणीतरी मोबाइल दाखवायचं आणि ती रडत बसायची. शिफ्टमध्ये याचा फोन लॉकरमध्ये, म्हणजे आठ तास रडायची. "हटवा दो न, दीदी," तो म्हणाला.

मी डेस्क इन्चार्जला सांगितलं. तो स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणाला, "फोटो मत छेड़ना. चेहरा चलता है, क्लिक आते हैं. सर्टिफिकेट लो और चुपचाप जाओ."

माझ्या लॉगिनवरून फोटो उडवता येत होता. पण कुणी उडवला ते नावासकट दिसलं असतं, आणि सर्टिफिकेट नाही तर डिग्री नाही. घरी बाबांना विचारलं. ते रेल्वेत क्लार्क, सगळी नोकरी कुणाच्या अध्यात ना मध्यात करून काढलेली.

"तुले काहून नसती उठाठेव?" ते म्हणाले. "महिनाभर गप राह्य. कागद हाती आला का मंग काढ."

"उससे झूठ बोलना पड़ेगा मुझे," मी सवयीनं हिंदीत म्हटलं.

"खोटं कायचं? थोडा टाइम मागून राहिली तू."

मला त्यांचा संताप आला, कारण मला नेमकं हेच ऐकायचं होतं.

त्यानंतर त्याचा फोन आला की मी म्हणायची, "सिस्टम में डाला है, भैया." आणखी एक अपघात झाला. त्या खोलीत माझा जीव गुदमरायचा. खरं तर मला कुणीच कोंडलं नव्हतं. एक बटण दाबायचं होतं आणि मी ते दाबत नव्हते.

शेवटच्या दिवशी चार वाजता सर्टिफिकेट मिळालं. मी तशीच धावत कॉम्प्युटरकडे गेले. लॉगिन बंद. कागद हातात द्यायच्या आधीच बंद करतात म्हणे. इन्चार्जच्या हातापाया पडायचंच बाकी राहिलं. तो हसून म्हणाला, "अपना ही खींचा फोटो हटवाओगी? लोग तरसते हैं."

संध्याकाळी त्याचा फोन आला. "दीदी, हुआ?"

महिनाभर थांबला होता बिचारा. 'नाही' म्हणायला माझी जीभ वळेना. मी म्हटलं, "हो गया, भैया."

"माँ को बता देता हूँ," तो म्हणाला. त्याच्या आवाजातला आनंद मला अजून ऐकू येतो.

पंधरा दिवसांनी सिलतऱ्याला पुन्हा अपघात झाला. मी पोर्टल उघडलं. मेलेल्यांची नावं दोनदा वाचली, त्यात तो नव्हता. फोटोत मात्र तोच होता. त्याचा फोन येईल म्हणून दिवसभर वाट पाहिली. आला नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी मीच लावला.

"माँ को बोल रखा था कि फोटो हट गया," तो म्हणाला. "इस बार दिखा, तो उसने सच मान लिया. गेट पर आ गई थी, लाश लेने."

मी "सॉरी भैया" म्हणाले. शिफ्टची वेळ झाली, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.