चौथऱ्यावरचा आडाळो

आमच्या घरामागे, समुद्राकडे तोंड करून एक घर आहे. मुंबईचे काही चित्रकार, कवी आणि विचारवंत दर मे महिन्यात तिथे येऊन राहायचे. त्यांचा स्वयंपाक माझी आई करायची. मी लहान होते, तिच्या मागे मागे जायचे. पुढच्या ओसरीवर समतेवर वाद चालायचे आणि मागीलदारी आई बांगडे कापत बसायची. मधूनच कुणीतरी हाक मारायचा, "बाई, चहा."

गेल्या वर्षी त्या घराचं संग्रहालय झालं. पहिलं प्रदर्शन अर्थात त्या चित्रकार-कवींच्या मंडळावरचं. संयोजक बाई आमच्याकडे आल्या, सोलकढी प्यायल्या आणि आईचा आडाळो, म्हणजे आमच्याकडची पुढे खवणी असलेली विळी, मागून घेऊन गेल्या. "पाटीवर तुमचं नाव लावू हं, आजी," म्हणाल्या. आईने ते मनावर घेतलं. रेशनकार्डापलीकडे तिचं नाव कधी कुठे लागलं नव्हतं. उद्घाटनाला तिने ठेवणीतलं लुगडं काढलं.

आडाळो चौथऱ्यावर मांडला होता. पाटी होती : 'मंडळाच्या स्वयंपाकघरातील विळी. सर्व सदस्य मिळून स्वयंपाक करीत. श्रम आणि विचार यांत त्यांनी भेद मानला नाही.' आईला वाचता येत नाही. तिने माझ्याकडून ती दोनदा वाचून घेतली. नाव नव्हतंच.

माझं डोकं फिरलं. संयोजक बाईंना गाठलं, तर म्हणतात, "त्यांच्या पत्रांत तसाच उल्लेख आहे." आयत्या बिळावर नागोबा! पत्रं लिहायला निवांतपणा कुणाच्या जिवावर मिळत होता, ते पत्रांत कशाला येईल?

आईची आठवण झाली ती फोटोपुरती. आडाळो खाली उतरवला, अर्धा नारळ आणला. "आजी, जरा खवून दाखवता?" पहिल्या रांगेत मंडळातले एकच हयात विचारवंत बसले होते. आईने नारळ उचलला आणि सरळ त्यांच्यापुढे धरला.

"भाऊनू, हय लिवलेला आसा, तुमी सगळे मिळान रांधी होतास. या, बसा. मी बघतंय."

त्यांनी नारळ हातात घेतला, आडाळ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "यावर बसतात कसं?"