तायडेकाकांचा शनिवार

तायडेकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये उभी राहून, त्यांचीच पद्धत माझी म्हणून कारखानदारांना शिकवत होते. मागे पडद्यावर 'नव्या कल्पनांना वाव देणारी मार्गदर्शन योजना' असं झळकत होतं आणि त्याखाली माझं नाव. टेबलावरचा फोन थरथरला. प्रज्ञाचा, काकांच्या मुलीचा. मी तो पालथा घातला. चहाच्या सुट्टीत लावला तर ती म्हणाली, "मॅडम, बाबा गेले. सकाळी आंघोळीले गेले, अन् तिथंच..." त्यांचं घर तिथून ऑटोनं दहा मिनिटांवर. तरी मी उरलेलं सत्र पूर्ण केलं, टाळ्या घेतल्या आणि मगच गेले. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की मी फार हळवी बाई आहे.

भीमराव तायडे मूळ नांदगाव खंडेश्वरचे. अकोल्यात डाळमिलची यंत्रं बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात ते पत्राकामाचे उस्ताद होते. आठवडाभर अकोल्यात खोली करून राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं अमरावतीला घरी जायचे. मी पुण्याहून एमबीए करून मनुष्यबळ अधिकारी म्हणून तिथं लागले, तेव्हा मला कारखान्यातलं काहीच कळत नव्हतं आणि सगळंच कळतं असं वाटत होतं. काकांनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं असणार, पण बोलून दाखवलं नाही. नुसते म्हणाले, "मॅडम, शनिवारी जेवण झालं का आमच्याकडे या. गंमत पाहा."

गंमत अशी होती. नव्या माणसाला काका दर आठवड्याला उरलेल्या पत्र्याचा एक तुकडा द्यायचे, वाया घालवायला. त्याचं काय करायचं ते सांगायचे नाहीत. शनिवारी जेवणानंतर अर्धा तास सगळे त्यांच्या लोखंडी टेबलाभोवती जमायचे आणि आठवडाभरात ज्यानं जे बिघडवलं असेल ते तो टेबलावर ठेवायचा. पहिली वस्तू नेहमी काकांची. तीस वर्षं हात चाललेला माणूस आपली वाकडी घडी सगळ्यांपुढे ठेवायचा आणि म्हणायचा, "हे माह्यं. आता तुमचं आणा." कुणी केलं हे ते कधी विचारत नसत. एकच विचारत, "काहून झालं?" आणि मग सगळे मिळून त्या 'काहून'च्या, म्हणजे 'का'च्या, मागे लागत. गजानन नावाच्या वेल्डरकडून एकदा चाळणीची भोकं तिरपी पडली. दुसऱ्या कुणी ती चाळणी भंगारात फेकली असती. काकांनी तिच्यावर तूर ओतून पाहिली आणि फुटलेली डाळ कुठंही न अडकता खाली घसरली. आज आमच्या कारखान्याची जी चाळणी सगळीकडे खपते ती हीच. माहितीपत्रकात तिला आमच्या संशोधन विभागाची निर्मिती म्हटलंय. आमच्याकडे संशोधन विभाग नाही.

मालकांना नावीन्य हवं होतं आणि मला नाव हवं होतं. चार शनिवार मी त्या टेबलापाशी वही घेऊन बसले आणि काकांच्या त्या अर्ध्या तासाची योजना करून टाकली. मार्गदर्शक कोण, शिकाऊ कोण, महिन्याला किती कल्पना, सगळं आखलं. आणि एक तक्ता केला, त्यात एक रकाना ठेवला, 'वाया गेलेला माल, किलोमध्ये'. मला खरंच वाटलं होतं की चुका लिहून ठेवल्या तर त्यांचा अभ्यास होईल. काकांनी तक्ता हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "मॅडम, हे बोलाची गोष्ट हाय, लिवाची नाई. कागदावर गेली का दुसऱ्याच्या हाती जाते." मी हसले. काका जुन्या वळणाचे, असं मालकांना सांगितलंही.

कागद दुसऱ्याच्या हाती जायला सहा महिनेसुद्धा लागले नाहीत. पर्मनंट करायची यादी निघाली तेव्हा मालकांनी माझा तक्ता मागवला. सगळ्यात जास्त किलो गजाननच्या नावावर. साहजिकच होतं, सगळ्यात जास्त धडपड तोच करायचा. त्याचं नाव कटलं. पुढच्या शनिवारी टेबल रिकामं राहिलं. चुका व्हायच्या थांबल्या नव्हत्या. लोक आता त्या भंगाराच्या ढिगात खाली दाबून ठेवत. कल्पनांचा रकाना मात्र भरून वाहत होता, कारण कोट्याला माणसं लागतात आणि माणसांना नोकरी.

तेव्हा काकांनी एक केलं. तक्ता भरायचं काम त्यांचंच होतं. वाया गेलेला सगळ्यांचा माल ते स्वतःच्या नावावर लिहू लागले. मी विचारलं तर म्हणाले, "मीच शिकवून राहिलो ना त्यायले? मंग माह्याच नावावर पायजे." महिन्याभरात माझ्या तक्त्यानुसार तायडेकाका कारखान्यातले सगळ्यात निकामी कारागीर ठरले. मालक म्हणाले, "हा आपला मार्गदर्शक? तुमचं मत लेखी द्या." आता या तक्त्यामागचं खरं मला माहीत होतं. ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य म्हणजे माझी योजना फसली अशी कबुली होती आणि नागपूरच्या पुरस्कारासाठी तिचं नाव नुकतंच गेलं होतं. मी मत लेखी दिलं... 'श्री. तायडे यांना मार्गदर्शकपदावरून मुक्त करून स्टोअरमध्ये घ्यावे.' हुकूम मालकांच्या सहीनं निघाला, माझा कागद फाइलमध्ये राहिला. काकांनी दुसऱ्या दिवसापासून स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजायला सुरुवात केली. पुरस्कार मला मिळाला.

निवृत्त झाल्यावर ते एकदाच भेटले, पेन्शनच्या कागदांसाठी अकोल्याला आले होते तेव्हा. अमरावतीच्या एसटीत शेजारी जागा मिळाली. मूर्तिजापूर येईपर्यंत मी दहा वेळा तोंड उघडलं आणि दहाही वेळा उन्हाबद्दल बोलले. ते खिडकीबाहेर पाहत होते. बडनेऱ्याच्या अलीकडे म्हणाले, "तक्ता तुमी चांगल्या मनानं केला होता, मले मालूम हाय. पण लोकं माह्यापासून लपवाले लागले, मॅडम. त्याचं लागलं." मी 'हो ना काका' म्हटलं. हो ना काका! इतकंच.

काकांच्या घरी पुण्यानुमोदनाच्या विधीला आमच्या कारखान्यातून मी आणि गजानन, दोघंच गेलो. मालकांनी मात्र अकोल्यात शोकसभा घेतली आणि प्रशिक्षणाच्या खोलीला काकांचं नाव द्यायचं जाहीर केलं. फलकावरचा मजकूर अर्थातच मी लिहायचा. त्यासाठी त्यांची फाइल काढली आणि तो कागद हाती आला. टाइप स्वच्छ, सही स्पष्ट. या कागदाची लाज वाटायला मला माणूस मरावा लागला, याची आज जास्त लाज वाटते.

शनिवारी जेवणानंतर मी तो घेऊन पत्राकामाच्या शेडमध्ये गेले. लोखंडी टेबल तिथंच होतं, त्यावर कुणीतरी डबे ठेवले होते. मी डबे बाजूला सरकवले, कागद ठेवला आणि म्हटलं, "हे माझं." सात-आठ जण जमले. गजानननं कागद उचलला, सावकाश वाचला. तो अजून कंत्राटावरच आहे. त्यानं काकांसारखंच विचारलं, "काहून झालं?" मी सांगितलं, भीती वाटली. पुरस्कार जाईल, नाव जाईल, अशी भीती. दुसरं काही कारण नव्हतं.

त्यानं कागद होता तसा परत ठेवला. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"काकाले मालूम होतं, मॅडम. स्टोअरात गेल्यावरबी दर शनिवारी जेवण झालं का ते इथं येऊन बसत, एकटेच. आमी म्हणो, आता कोण येते काका? तर म्हणत, मॅडम येतीन. त्यायचं एक ठेवाचं रायलं हाय."

माझ्या केबिनच्या काचेतून ते टेबल समोरच दिसतं. दर शनिवारी ते तिथं बसलेले मी पाहत होते. म्हाताऱ्याला काम नाही, बसून राहतो, असं मला वाटायचं. दोनदा तर मी पडदाही ओढून घेतला होता.