मैनाबाईच्या टोपीची झालर

विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदी रस्त्याला लागलं की डाव्या हाताला, औषधाच्या दुकानाला चिकटून, एक बोळकांडीएवढं दुकान आहे. तिथं बद्रीनाथ मास्तर बसतात. नवे कपडे शिवत नाहीत. पँट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं, एवढंच. बाहेर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी आहे : 'चेन बसवून मिळेल. कधी, ते विचारू नये.'

माणूस हाताचा नेक आणि तोंडाचा तिखट. 'अहो, उद्या लग्न आहे हो,' असं गिऱ्हाईक म्हणालं की मास्तर चष्म्यावरून बघत विचारणार, 'आणि ठरलं कधी, आज?' पण त्यांचा खरा तोरा वेगळाच होता. आपण खोटं बोलत नाही, याचा. चेन हलकी असली तर हलकी म्हणून सांगायची, कापड विरलेलं असलं तर 'टाका घालतो, महिनाभर टिकेल' असं तोंडावर म्हणायचं. चाळीस वर्षं या एका गोष्टीवर ते ताठ मानेनं बसत आले. बायको, शालनबाई, कधी शेजारणीला उगाच 'विरजण संपलंय हो' म्हणाल्या, तर त्या दिवशी घरात संध्याकाळपर्यंत प्रवचन. म्हणून तर पुढं जे झालं ते लागलं. दुसऱ्या कुणी केलं असतं, तर मास्तरांनी त्याला दुकानाच्या पायरीवर उभं केलं नसतं.

एप्रिलातली गोष्ट. त्या रस्त्याचा झाडू मैनाबाईंकडं आहे. सकाळी सहाला हजेरी लावायची आणि दुपारपर्यंत चौक ते नाला झाडून काढायचा. कामावर मिळालेली निळी टोपी डोक्यावर, आणि टोपीच्या मागं सेफ्टी पिनांनी टाचलेला पंचा. मान भाजते, काय करणार? एक दिवस पिन उघडली आणि कानामागं घुसली. तशाच, कानाला बोट लावून, त्या दुकानात आल्या.

'मास्तर, या टोपीला मागं कापड लावून द्या. पण शिवून टाकू नका. काढता-घालता आलं पाहिजे.'

'मी टोप्या शिवत नाही.'

'शिवायची कुठं आहे? टोपी आहेच की.'

मास्तरांनी 'उद्या या' असं सांगून वेळ मारून नेली. मैनाबाई उद्या आल्या. परवाही आल्या. तिसऱ्या दिवशी जुन्या सुती ओढणीचा तुकडा घेऊन पायरीवर टेकल्या आणि त्यांनी सगळं हातानं दाखवलं. कापड अखंड नको, मधोमध खालपर्यंत चिरलेलं हवं; वाकून झाडताना अखंड कापड सगळंच्या सगळं एका बाजूनं तोंडावर येतं. दोन्ही टोकं लांब हवीत. धूळ उडाली की ती पुढं ओढून नाकावर एकमेकांत अडकवता यावीत. आणि लावायची ती टिचबटणं, कारण झालर रोज काळी होते, रोज धुवावी लागते. टोपी रोज धुतली तर पुढचा पुठ्ठा लोळागोळा होतो. शालनबाई तेव्हा जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. त्या ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'डोकं आहे हो तुम्हाला.'

मास्तरांनी ते काम केलं, आणि चुकवलं. बटण दिसता कामा नये, हे शिंप्याच्या हाडात भिनलेलं असतं. त्यांनी पाचही बटणं टोपीच्या आतल्या पट्टीवर बसवली. दिसायला झकास. दोन दिवसांनी मैनाबाई आल्या त्या कानशिलांवर आणि कानांमागं लाल ठिपक्यांची रांग घेऊन. 'मास्तर, बाहेरून लावा. दिसली तर दिसू देत. मला काय मिरवायचंय?' मास्तरांनी मुकाट्यानं उसवून बाहेरून लावली. म्हणजे बघा, चीर मैनाबाईंची, टोकं त्यांची, बटणं काढती ती त्यांची आणि बाहेर लावायची तीही त्यांचीच. मास्तरांचं काय होतं? सुई-दोरा.

मग मैनाबाईंच्या बरोबरीच्या अकरा जणी आल्या. त्यांचं बघून सोसायट्यांचे वॉचमन आले. रस्त्याच्या कामावर लाल झेंडा धरून उभी राहणारी माणसं आली. मास्तर रविवार पेठेत जाऊन टिचबटणांचे पुडके आणायला लागले. कुणीतरी फोनवर व्हिडिओ काढला, आणि गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष सुदर्शन दुकानात येऊन म्हणाला, 'मास्तर, एक मेला तुमचा सत्कार. नाही म्हणायचं नाही.'

नाही कोण म्हणतंय? साठीला आलेल्या माणसाला आयुष्यात एकदाही कुणी हार घातलेला नव्हता. लग्नातला सोडला तर. मास्तरांनी पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा केला.

स्टेजवर शाल झाली, श्रीफळ झालं. मागं मोठ्या अक्षरांत 'कल्पक कारागीर' असं लिहिलेलं. सुदर्शननं माईक पुढं धरला आणि विचारलं, 'मास्तर, ही कल्पना आपल्याला सुचली कशी?' मास्तरांनी तोंड उघडलं ते मैनाबाईंचं नाव घ्यायलाच. हे ते आजही शपथेवर सांगतील, आणि ते खरंच आहे. पण समोर अडीचशे माणसं, आधीच्या दोन वक्त्यांनी त्यांना डोक्यावर घेतलेलं, आणि आता म्हणायचं काय, की मी नुसती बटणं लावली आणि तीसुद्धा आधी चुकीची? मास्तरांना आपलाच आवाज ऐकू आला. 'उन्हात राबणारी ही माणसं रोज डोळ्यांसमोर. मनाला चटका बसायचा. विचार करकरून एक दिवस सुचलं.'

पहिली टाळी मैनाबाईंनी वाजवली. दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, बाकीच्या अकरा जणींबरोबर, डोक्यावर तीच टोपी. त्यांनी वाजवली म्हणून बाकीच्यांनी वाजवली. मास्तरांच्या तोंडावरचं हसू काही जाईना.

घरी आल्यावर शालनबाईंनी एकच विचारलं, 'शाल कपाटात ठेवू की तुम्हाला बाहेरच हवी?' त्यांनी सगळं ऐकलं होतं, एप्रिलातलं आणि आजचंही. दुसऱ्या दिवशी पेपरच्या आतल्या पानावर त्यांचा फोटो आला, खाली तीच वाक्यं. खोटं एकदा बोललं होतं; आता ते छापलं गेलं.

चार दिवसांनी एक मुलगी दुकानात आली. पाठीवर सॅक, हातात फोन. मैनाबाईंची दीक्षा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. दुकानातल्या एकुलत्या एका स्टुलावर नेमका सुदर्शन बसलेला. पुढच्या महिन्यात आणखी एक सत्कार कसा ठरवता येईल, ते तो सांगत होता.

'काका, एक विचारायचं होतं,' दीक्षा म्हणाली. 'टोपीची आयडिया आईची आहे, असं आई घरी सांगत होती. मी कॉलेजात सगळ्यांना तसंच सांगितलं. मग पेपरात तुमचं आलं. सगळे मला हसतायत. आई खोटं बोलते का?'

काय सोपा प्रश्न होता. 'नाही' एवढंच म्हणायचं. मास्तरांनी सुदर्शनकडं पाहिलं. सुदर्शन फोन बाजूला ठेवून ऐकत होता.

'अगं, तसं नाही,' मास्तर म्हणाले. 'तिनं अडचण सांगितली ना. त्यावर मग... म्हणजे तिचाही हातभार आहेच.'

'ओके काका,' दीक्षा म्हणाली आणि गेली. सुदर्शन हसून म्हणाला, 'एकदा नाव झालं की दहा दावेदार येतात, मास्तर.' मास्तरांनी त्याला थांबवलं नाही. स्टेजवर जीभ घसरली होती, असं एकवेळ म्हणता येईल. इथं तर त्यांनी शब्द तोलून मापून वापरला होता. हातभार! तो शब्द त्यांना रात्रंदिवस टोचायला लागला.

त्यानंतर दुकानातली गंमतच गेली. एकानं स्वतः फाडलेला खिसा आणून 'तुमच्याच शिवणीत गेला' असं धडधडीत खोटं सांगितलं. एरवी मास्तरांनी त्याचे वाभाडे काढले असते. त्यांनी मान खाली घालून खिसा शिवून दिला. कुठल्या तोंडानं बोलणार? रोज सकाळी मैनाबाई झाडत दुकानासमोर यायच्या. 'नमस्कार मास्तर' म्हणायच्या, पूर्वीसारखंच. पण पायरीवर टेकायच्या, ते बंद झालं. आणि नमस्कार आला की मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यांनी एकदा तर झाडूचा आवाज आल्याबरोबर मशीनखाली वाकून नसलेली सुई शोधली. या वयात, स्वतःच्या दुकानात, झाडूवाल्या बाईला लपून! शालनबाई डबा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, 'सापडली की सांगा.'

मग मास्तर सकाळी सहाच्या आत आरोग्य कोठीवर गेले, जिथं झाडूवाल्यांची हजेरी लागते तिथं. मैनाबाईंना बाजूला घेतलं आणि पंधरा दिवस पाठ केलेलं बोलून टाकलं. कल्पना तुमची, मी चोरली, माझं चुकलं, मला माफ करा. त्यांना वाटलं, आता मोकळं होईल.

मैनाबाई झाडूची दांडी आपटून घट्ट करत होत्या. 'मला कशाला सांगता, मास्तर? मला ठाऊकच आहे की,' त्या म्हणाल्या. 'दीक्षाला सांगा.'

मास्तर रविवारी दुपारी गेले. धानोरीच्या रस्त्याला आतल्या गल्लीत दोन खोल्या. दीक्षानं दार उघडलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मैनाबाई आत भाकरी थापत होत्या. उठून दारात येऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी खुर्चीच्या कडेवर टेकून सगळं सांगितलं, आतली बटणं आणि कानशिलांवरचे लाल ठिपके धरून.

दीक्षा ऐकत होती. शेवटी तिचे डोळे भरून आले, आणि मास्तरांना वाटलं, चला, झालं एकदाचं.

'काका, तुम्ही खरंच मोठ्या मनाचे आहात,' दीक्षा म्हणाली. 'पण आईनं मला गेल्याच आठवड्यात सांगितलं. म्हणाली, मीच खोटं बोलले होते, कल्पना मास्तरांचीच. आईला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही एवढ्या उन्हाचं आलात, आपलं श्रेय सोडायला...'

मास्तरांना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्यांनी मैनाबाईंकडं पाहिलं. पिठाचे हात पुढं धरून त्या जमिनीकडं बघत होत्या.

'नाही गं, बाळ. ती खरं बोलत होती.'

'असू दे काका. मला कळतंय.'

जितकं सांगावं तितके मास्तर तिच्या नजरेत मोठे होत चालले. पेपरात छापून आलेलं खोटं कसं असेल? सगळ्या जगासमोर हार घालून घेतलेला माणूस एका खोलीत बसून वेगळंच काही सांगतोय, तर तो उपकारच करत असणार. खोटं माईकवर बोललं होतं आणि खरं इथं, भाकरीच्या धुरात, दार लोटून. मास्तरांना ते कळलं आणि त्यांचे कान तापले. माफी मागायलासुद्धा त्यांनी बिनधोक्याचीच जागा निवडली होती.

'फोन काढ,' ते म्हणाले. 'व्हिडिओ सुरू कर. आणि मंडळाच्या ग्रुपवर टाक. सुदर्शन आहे त्यात, पेपरवालाही आहे.'

'काका, कशाला पण...'

'सुरू कर म्हणतो ना.'

मास्तर उभे राहिले. 'मी बद्रीनाथ, विश्रांतवाडीचा शिंपी,' ते फोनकडं बघून म्हणाले. 'एक मेला मी स्टेजवर खोटं बोललो. टोपीची झालर मैनाबाईंनी शोधली. कुठं चिरायची, किती लांब ठेवायची, बटणं कुठं लावायची, सगळं त्यांनी सांगितलं. मी म्हणालो, मला सुचलं. नंतर त्यांची मुलगी विचारायला आली. तिच्या तोंडावर मी पुन्हा खोटं बोललो. तिला आपली आई खोटारडी वाटली, ती माझ्यामुळं.' त्यांनी हातानंच पुरे म्हणून खूण केली.

दीक्षानं रेकॉर्डिंग थांबवून फोन खाली घेतला. ती आईकडं बघत होती.

'आई, मग मीच खोटं बोलले असं का सांगितलंस मला?'

'तू जेवत नव्हतीस नीट,' मैनाबाई म्हणाल्या. 'बोलत नव्हतीस. घरात दोघीच तर आहोत.'

मग दीक्षानं फोनवर बोट दाबलं, व्हिडिओ ग्रुपवर गेला. ती आईजवळ गेली आणि तिनं आईचे पिठाचे हात तसेच आपल्या हातात धरले. मास्तर अजून खोलीच्या मधोमध उभे होते. बसावं की जावं, कळेना. दीक्षा वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत मघाचं कौतुक राहिलेलं नव्हतं.

'काका, तुम्ही जा आता,' ती म्हणाली. 'आईचं जेवण व्हायचंय.'

मास्तरांनी मान हलवली, चपला पायात सरकवल्या आणि मागं न बघता गल्लीतून चालायला लागले.