सरांचा उरलेला शब्द

आमच्या पेडण्यात कृष्णनाथ सरांकडे इंग्रजी शिकलेला माणूस 'सेट' हा शब्द विसरणं शक्य नाही. दरवर्षी शाळा सुरू झाली की पहिला तास त्याच्यावर. सूर्य मावळतो तेही सेट, दही लागतं तेही सेट, मोडलेलं हाड बसवतात तेही सेट. "बसवणे हा जुना इंग्रजी अर्थ. कपबश्यांचा सेट मात्र मूळचा लॅटिन, फ्रेंचांच्या घरून आलेला पाहुणा," असं म्हणून सर स्वतःच हसायचे. आम्ही जांभया द्यायचो.

गेल्या वर्षी सरांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली, उरला एकच शब्द, नेमका तोच. पाणी हवं असलं तरी सेट, पंखा नको असला तरी सेट. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. म्हणायला त्यांचं काय जातं. मी शेजारी, रोज जाऊन बसायचो आणि हात हलवत परत यायचो.

सरांचा मुलगा देवेश बंगळुरूला असतो. घर बंद करून आईवडिलांना कायमचं नेतो म्हणाला. सरांच्या पत्नी सुमंगला काकींनी त्यांना विचारलं, "जावया?" जायला त्यांनी होकारार्थी मान हलवली. "हंयच रवया?" इथंच राहायचं का, म्हटलं तरी तशीच हलवली.

"तेंच्या मनात काय आसा ता माका कळना नाय रे," काकी मला म्हणाल्या. "आता देवाकच इचारूया."

देवळात कौल लावला. पुजाऱ्याने मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवी पाकळी पडली, म्हणजे जा. काकींच्या जिवावरचं ओझं उतरलं. माझं नाही उतरलं, पण देवापुढे माझं कोण ऐकणार.

देवेश गाडी घेऊन आला. सरांना खुर्चीसकट बाहेर आणताना त्यांनी डाव्या हाताने खिडकीचा गज धरला. तो उरलेला शब्दसुद्धा बोलले नाहीत, नुसते धरून राहिले. सरांना काय हवंय ते वर्षभरात पहिल्यांदाच सगळ्यांना कळलं.

"काकी, रवांदे तेंका हंयच," मी म्हटलं.

"देवान उजवो कौल दिलो मा? तो मोडू कसो?" काकी रडत होत्या.

आणि खाली वाकून त्या सरांचं एकेक बोट सोडवू लागल्या. "सोडा ओ, सोडा," म्हणत होत्या. करंगळीची पाळी आली तेव्हा मी तोंड फिरवलं.